एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे बेचाळीस, एकशे नऊ

रंगनोंदणी कार्यालयात सायकली ठेवायला जागा उरली नाही, म्हणून चाळीस हजार रंग रद्द करायचं ठरलं.

यात हसण्यासारखं काही नाही. कार्यालयाच्या मागच्या दालनात जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण होते, एका खणात एक रंग, आणि एकूण रंग एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा. एवढे खण एका दालनात कसे मावले, हे विचारायचं नाही. सरकारी दालन होतं ते, त्यात काहीही मावायचं. फक्त सायकली मावत नव्हत्या. त्या बिचाऱ्या बाहेर उन्हात उभ्या असायच्या आणि त्यांच्या सीटा तडकत चालल्या होत्या, आणि तडकलेल्या सीटवर बसून आलेला कर्मचारी दिवसभर कसा वागतो, ते खिडकीसमोर रांगेत उभं राहिलेल्यालाच ठाऊक.

रंग म्हणजे तरी काय, तर तीन आकडे. लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. तिन्ही शून्य म्हणजे काळा, तिन्ही दोनशे पंचावन्न म्हणजे पांढरा, आणि बाकी सगळं जग या दोघांच्या मध्ये. कॉम्प्युटरवरचा कुठलाही फोटो मोठा मोठा करत न्या, शेवटी चौकोनी ठिपके दिसतील, आणि प्रत्येक ठिपक्याच्या पोटात हे तीन आकडे. फोटोत रंग नसतोच. ठिपका आपला आकडा सांगतो, कार्यालयातला तो खण त्याला रंग पुरवतो, आणि हे इतक्या झटपट होतं की आपल्याला वाटतं फोटोतच रंग आहे. खण रिकामा निघाला तर ठिपक्याच्या पदरी तीन शून्यं. म्हणजे काळं.

मागच्या खेपेला कार्यालयाने नळ बसवायला जागा हवी म्हणून थोडे पिवळे काढले होते. कोपऱ्यावरच्या बेकरीच्या पडद्यावर एक छानसा पाव झळकायचा, त्याच्या पोटाला भर दुपारी काळं भोक पडलं. गिऱ्हाइकं विचारायला लागली, करपला का हो? बेकरीवाला अजूनही त्या कार्यालयाचं नाव निघालं की दात-ओठ खातो.

या खेपेला कुठले रंग काढायचे, यावर दोन बैठका झाल्या. लाल-निळ्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती, त्यांच्या ओळखी वरपर्यंत. हिरव्यांनी आधीच आरडाओरडा केला. शेवटी गरीब बिचाऱ्या तपकिरी रंगांवर गंडांतर आलं. तपकिरी फारच झालेत, असं वरच्यांचं मत पडलं, आणि सोमवारी सकाळी फलकावर यादी लागली.

ती यादी मन लावून वाचणारा गावात एकच माणूस होता. ते म्हणजे फोटोकाका.

बाजाराच्या गल्लीत शिंपी आणि किल्लीवाला यांच्यामध्ये फोटोकाकांचा स्टुडिओ. एकच खोली, त्यात एक स्टूल, मागे पांढरा पडदा, दोन दिवे आणि एक कॉम्प्युटर. एकतीस वर्षं त्यांनी गावातल्या लोकांचे फोटो काढले. पण खरं सांगायचं तर फोटो काढण्यापेक्षा तो साफ करण्यात त्यांचा जीव रमायचा. कुणाच्या कपाळावरची पुटकुळी, कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कुणाच्या हनुवटीवरचा जुना व्रण, सगळं ते ब्रशने हलक्या हाताने झाकून टाकायचे. “जरा साफ करतो,” म्हणायचे आणि समोरच्याने हो म्हणायच्या आत करूनही टाकायचे. गावात एकही माणूस आपल्या फोटोसारखा दिसत नव्हता आणि त्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नव्हती.

त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात फोटोवाला असून तिचा धड फोटो एकच. कारण सोपं आहे. फोटो कुणाचाही असो, दिवा धरायला तीच उभी असायची. हात जड झाला की दुसऱ्या हातात घ्यायची, पण दिवा हलू द्यायची नाही. एकदाच कधीतरी गिऱ्हाईक आलं नाही आणि काकांनी तिला स्टुलावर बसवलं. तोच फोटो आता कॉम्प्युटर चालू केला की पहिल्यांदा समोर यायचा. काका रोज सकाळी खुर्ची पुढे ओढत त्याला “आलो गं” म्हणायचे. मग कामाला लागायचे.

यादीतला प्रत्येक आकडा आपल्या कुठल्या फोटोत आहे का, हे काका दर खेपेला कॉम्प्युटरला विचारून घेत. धंद्याची गोष्ट, गाफील राहून चालत नाही. त्या सोमवारी बहुतेक रंग निरुपद्रवी निघाले. कुठे बुटाचे दोन ठिपके, कुठे टेबलाचे पाच. आणि मग एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे बेचाळीस, एकशे नऊ हा रंग आला आणि कॉम्प्युटरने उत्तर दिलं: बायकोचा फोटो, डावा गाल, ठिपके चारशे बारा.

शुक्रवारी यादी अंमलात येणार. म्हणजे शुक्रवारी सकाळी तिच्या गालावर भोक पडणार, त्या बेकरीच्या पावासारखं. जगात तिचा एवढाच गाल उरला होता.

त्यांनी स्टुडिओला कुलूप घातलं आणि तडक कार्यालय गाठलं. तीन नंबरच्या खिडकीत एक कारकून बसला होता. त्याच्या एका हाताला शाईची उशी आणि दुसऱ्या हाताला पिवळं फडकं. दर अर्ज घेण्याआधी तो खिडकीची काच, टेबल आणि शिक्क्याची मूठ पुसून घ्यायचा. माणसाकडे बघायची मात्र त्याला गरज वाटत नसे.

“रंग?” त्याने विचारलं.

काकांनी तिन्ही आकडे सांगितले.

“वापर शून्य आहे,” कारकून वही बघून म्हणाला.

“शून्य कसा? माझ्या बायकोच्या गालावर आहे तो.”

“गालाची नोंद केली होती का?”

“गालाची कुणी नोंद करतं का हो?”

“तेच तर म्हणतोय. कुणी करत नाही आणि मग ऐनवेळी रडत येतात.” त्याने फडकं झटकलं. “दोन मार्ग आहेत. एक, शेजारच्या रंगात सामील व्हा. तुमचा निळा एकशे नऊ आहे, त्याच्याऐवजी एकशे दहा करायचा. डोळ्याला कळतसुद्धा नाही. पण त्या रंगाची नोंद दुसऱ्याच्या नावावर आहे, त्याची संमती आणावी लागेल. दोन, हरकत घ्या. गुरुवारी निबंधकबाईंसमोर सुनावणी. रंग एका जागी चारशे ठिपक्यांच्या वर वापरात आहे असं दाखवलंत, तर खण राहील.”

चारशे बारा! काकांच्या जिवात जीव आला. पण कोर्टकचेरी आणि सुनावणी म्हटलं की त्यांना पहिल्यापासून धडकी भरायची. संमती आणणं काय वाईट, असा त्यांनी विचार केला, संमतीपत्राचा छापील कागद घेतला आणि पत्ता लिहून घेतला.

शेजारच्या रंगाचा धनी निघाला पुठ्ठ्याचे खोके बनवणारा. त्याच्या कारखान्यात खोकेच खोके, खोक्यांवर बसून लोक खोके चिकटवत होते आणि मालक स्वतः एका खोक्यावर बसून दुसऱ्या खोक्यावर हिशोब नव्हे, शब्दकोडं सोडवत होता. माणूस एकदम दिलदार. काकांचं पूर्ण बोलणं व्हायच्या आतच म्हणाला, “घ्या की! खुशाल घ्या. रंग काय मी घरून आणलाय? आमच्या साध्या खोक्याचा रंग आहे हा, जाहिरातीत लागतो म्हणून नोंदवून ठेवला. आणा, कुठे सही करू?”

काकांनी संमतीपत्र पुढे केलं. मालकाने सही केली. सही वाळेपर्यंत काकांनी छापील मजकूर वाचला. त्यात लिहिलं होतं: ‘अर्जदाराच्या पत्नीचा गाल यापुढे सर्व सरकारी कामांसाठी खोका, साधा, तपकिरी या सदरात धरण्यात येईल.’

“हे असं कसं?” काका म्हणाले.

“काय झालं?”

“माझी बायको खोका नव्हती हो.”

मालकाचा चेहरा पडला. “खोक्याला काय झालं? तीन थर असतात त्याला. वरून पडला तरी आतल्या वस्तूला धक्का लागत नाही. आमच्या खोक्याबद्दल आजवर कुणी नाक मुरडलं नाही.”

“तुमचा खोका उत्तमच आहे,” काका घाईघाईने म्हणाले. “पण ती...” त्यांनी कागदाची घडी केली, परत उघडली, आणि शेवटी हळूच फाडली. मालकाने त्यांना दारापर्यंत सोडलं आणि परत जाऊन शब्दकोड्यात डोकं घातलं. चांगल्या माणसाला विनाकारण दुखावलं याची टोचणी काकांना घरी पोचेपर्यंत लागून राहिली.

घरी त्यांची लेक जेवणाची वाट बघत होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, त्यामुळे दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून घरी आली की तिला कुणी काही वाचून दाखवलेलं आवडत नसे. तरी काकांनी यादी वाचून दाखवली आणि खोकेवाल्याची हकिकतही सांगितली. मग तिने मोबाईलच्या पडद्यावर दोन चौकोन शेजारी-शेजारी काढले, एक एकशे नऊचा, एक एकशे दहाचा, आणि पडदा बापाच्या डोळ्यांसमोर धरला.

“कुठला आईचा?”

काकांनी पाहिलं. चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. “हा. डावीकडचा.”

तिने चौकोन बदलले. “आता?”

“हा. उजवीकडचा.”

“या खेपेला मी दोन्ही एकशे दहाचे दाखवले होते.”

“मग आधीच तसं सांगायचं ना! म्हाताऱ्या माणसाची चेष्टा करतेस?”

“चेष्टा नाही करत, बाबा. दिसत नाही ना फरक? मग एवढा जिवाचा आटापिटा कशाला? द्या की एकाने वाढवून. ते खोकेवाले बिचारे सही करत होते.”

“दिसत नाही,” काका म्हणाले, “पण आहे. एकाचा का होईना, फरक आहे. उद्या मी त्या फोटोकडे बघेन आणि मला माहीत असेल की ती एकाने चुकीची आहे. एक एक करून माणूस किती बदलतो, माहितीये तुला? तिचं बोलणं आता मला नीट आठवत नाही. चालणं थोडं आठवतं. गाल तरी जसाच्या तसा राहू दे माझ्याकडे.”

लेक काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलंही होतं तिने. पण मग ती उठली आणि ताटं वाढायला लागली. जेवताना एवढंच म्हणाली, “गुरुवारी मी येते तुमच्याबरोबर. एकटे गेलात तर कुठेतरी भलतीच सही करून याल.”

पुढचे दोन दिवस काकांनी हरकत अर्ज लिहिला. बारा पानं झाली. गालाचं मोजमाप, ठिपक्यांचा नकाशा, फोटो काढला त्या दिवशीचा उजेड, सगळं त्यात होतं. किल्लीवाल्याने साक्षीदार म्हणून सही केली. शिंप्यानेही केली, पण त्याने त्या बाईंना आपण ओळखत होतो याच्यापुढे काही लिहायला नकार दिला.

गुरुवारी अकरा वाजता सुनावणी सुरू झाली. खोली साधीच. एक लांब टेबल, भिंतीवर मोठा पडदा, बाकावर काका आणि लेक, कोपऱ्यात नोंदी घ्यायला तोच तीन नंबरचा कारकून, फडक्यासकट. टेबलामागे निबंधकबाई. केस पिकलेले, बोलणं तुटक, नजर अशी की समोरच्याने आपोआप बटणं तपासावीत. पण बाई न्यायाने वागणाऱ्या होत्या असा त्यांचा लौकिक होता. स्वतःच्या सायकलीसाठीसुद्धा त्यांनी कधी रंग मागितला नव्हता.

“फोटो लावा,” बाई म्हणाल्या.

पडद्यावर काकांची बायको आली. भिंतभर. काकांनी तिला एवढी मोठी कधी पाहिली नव्हती. ते नकळत उठून उभे राहिले आणि लेकीने त्यांना बाही ओढून खाली बसवलं.

“गाल दाखवा.”

कारकुनाने गाल मोठा केला, आणखी मोठा केला. डोळा वरून गेला, ओठ खाली गेला, राहिले नुसते ठिपके. बाईंनी एक लांब काठी घेतली आणि त्यांवरचे आकडे वाचायला सुरुवात केली.

“एकशे शहाण्णव, एकशे एक्केचाळीस, एकशे सहा. हा शेजारचा, दोनशे एक, एकशे चव्वेचाळीस, एकशे बारा. त्याच्या खालचा, एकशे त्र्याण्णव, एकशे अडतीस, एकशे सात.” त्या थांबल्या. “बघितलंत? गाल असाच असतो. भावंडं असली तरी एक ठिपका दुसऱ्यासारखा नसतो. आता तुमचा रंग.” काठी सरकली. “एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे बेचाळीस, एकशे नऊ. एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे बेचाळीस, एकशे नऊ. एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे बेचाळीस, एकशे नऊ.”

“हो, बरोबर आहे,” काका उत्साहाने म्हणाले. “चारशे बारा भरतील. मी दोनदा मोजलेत.”

“मीही मोजलेत. चारशे बाराच आहेत. सगळे एका जागी, गोल, आणि सगळे हुबेहूब एक.” बाईंनी काठी खाली ठेवली. “हा गाल नाही. इथे कुणीतरी रंग लावलाय.”

कारकुनाने लिहिलं, ‘रंग लावलाय’, आणि खाली रेघ ओढली.

काका पडद्याकडे बघत राहिले. एकतीस वर्षं ठिपके बघण्यात गेली होती. ब्रशचा गोल त्यांना दुसऱ्या कुणी दाखवायची गरज नव्हती. हात त्यांचाच होता, ओळखीचा होता, कडा कशा बेमालूम मिसळल्या होत्या. ज्याच्यासाठी बारा पानं लिहिली, खोकेवाल्याला दुखावलं, तो गाल नव्हताच. तो त्यांनी दिलेला रंगाचा हात होता.

“डाग असेल काहीतरी,” ते कसेबसे म्हणाले. “उजेडाचा. पुटकुळी आली असेल त्या दिवशी.”

“तीळ होता, बाबा,” लेक म्हणाली.

काकांनी वळून पाहिलं.

“आईच्या गालावर तीळ होता. एवढा. मी लहान असताना तो बेल म्हणून दाबायचे आणि ती तोंडाने टिंग करायची. तुम्हाला आठवत नाही?”

आठवत नव्हतं. आणि मग एकदम आठवलं. मुलगी बघायला म्हणून गेले होते तेव्हा लाजेने मान वर होत नव्हती, म्हणून चोरून एकदाच पाहिलं आणि दिसला तो आधी तीळच. काही विसरली की ती त्याच्यावर बोट ठेवून उभी राहायची. चिडली की खाजवायची. दिवा धरून उभी असली की त्याच्यावर हटकून एक माशी येऊन बसायची, आणि हात मोकळा नाही म्हणून ती गालाने तिला हाकलायची. काका हसायचे आणि फोटो हलायचा. चोवीस वर्षांचा संसार त्या तिळासमोर झाला, आणि सहा वर्षं रोज सकाळी ते एका बिनतिळाच्या बाईला “आलो गं” म्हणत होते.

“तुला माहीत होतं,” ते लेकीला म्हणाले. “मग बोलली का नाहीस कधी?”

तिने मान खाली घातली. “मला वाटलं, तुम्हाला तो आवडत नव्हता. तिलाही तसंच वाटलं असणार. फोटो बघून ती म्हणाली होती, छान आलाय, फक्त मी नाही आले. तुम्ही दिवे आवरत होता.”

निबंधकबाईंनी घसा साफ केला. “मूळ फोटो आहे का तुमच्याकडे? साफ करायच्या आधीचा?”

काकांनी नकारार्थी मान हलवली. साफ केलेला फोटो जुन्यावरच ठेवायचा, जुना पुसून टाकायचा, ही त्यांची धंद्यातली पहिल्या दिवसापासूनची शिस्त. गिऱ्हाइकाच्या हाती चुकून आधीचा फोटो पडायला नको. या शिस्तीचा त्यांना अभिमान होता. गावातल्या तमाम पुटकुळ्या आणि व्रण त्यांनी असेच जगातून नाहीसे केले होते.

“असो,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा मऊ झाला. “नियम ठिपके मोजतो. खाली काय होतं आणि वर कुणी काय लावलं, ते नियम विचारत नाही. चारशे बारा आहेत, एका जागी आहेत, वापरात आहेत. हरकत मंजूर. रंग राहील, खण राहील, तुमचा फोटो आहे तसा राहील.” त्यांनी शिक्का उचलला.

काका जिंकले होते. कार्यालयाच्या इतिहासात एखाद्या तपकिरी रंगाने हरकत जिंकल्याची ही पहिलीच वेळ. शिक्का शाईच्या उशीवर आपटला, वर उचलला गेला, कागदापासून चार बोटांवर आला.

“थांबा!” काका ओरडले.

शिक्का थांबला.

“मला हरकत मागे घ्यायची आहे. काढून टाका तो रंग.”

“बाबा, काळं पडेल तिथे,” लेक म्हणाली.

“पडू दे.”

“अहो, असं करता येत नाही,” कारकून कोपऱ्यातून म्हणाला. “हरलेली हरकत मागे घेता येते. जिंकलेल्या हरकतीचा अर्जच छापलेला नाही. आजवर कुणी असला वेडेपणा केलेला नाही.”

निबंधकबाईंनी काकांकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं, त्या चारशे बारा हुबेहूब ठिपक्यांकडे. मग त्यांनी खालचा कप्पा उघडला आणि बराच वेळ शोधून एक निळा कागद काढला. “सायकलींच्या सोयीसाठी स्वखुशीने रंग सोडल्याचा अर्ज आहे. हा चालेल. स्वखुशीने अजून कुणी सोडलेला नाही, त्यामुळे गठ्ठा तसाच पडून आहे.” त्यांनी पेन उघडलं. “कारण लिहावं लागतं. काय लिहू?”

काकांनी विचार केला. बारा पानं लिहिणाऱ्या माणसाला आता एक ओळ सुचेना. लेक वाट बघत होती, बाई वाट बघत होत्या, बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

“लिहा,” ते म्हणाले, “त्या जागी आधीच कुणीतरी होतं.”

बाईंनी तसं लिहिलं. काकांनी सही केली आणि कारकून कागद घेऊन कुरकुरत मागच्या दालनात गेला. शिडी सरकवल्याचा आवाज आला, मग एक खण ओढल्याचा, मग तो उपडा करून ठोकल्याचा. तोवर बाईंनी स्वतः उठून फोटो पुन्हा लहान केला, पूर्ण चेहरा दिसेल इतका.

आणि डाव्या गालावर तीन शून्यं उमटली.

ती परत आली होती. अगदी बरोबर आली होती असं नाही. खरा तीळ असा डांबरासारखा नव्हता, आणि हात मारताना त्यांनी कडेने जरा जास्तच झाकलं होतं, त्यामुळे आकारानेही वाढला होता. पण चेहऱ्याला काहीतरी झालं होतं. डोळे तेच, ओठ तेच, आणि तरी सहा वर्षं ओठ मिटून बसलेली बाई आता काहीतरी बोलायच्या बेतात होती, बहुतेक दिव्याबद्दलच.

“थोडा मोठाच झालाय,” लेक म्हणाली आणि तिने नाक ओढलं.

“आवडायचा गं मला,” काका म्हणाले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. “फार आवडायचा. फोटो साफ करायला घेतला आणि हात आपोआप तिथे गेला. मी बघितलंसुद्धा नाही कोण आहे ते.”

लेकीने त्यांचा हात धरला. निबंधकबाई खिडकीतून सायकलींकडे बघायला लागल्या. एवढ्यात दार ढकलून कारकून आत आला. हात धुळीने माखलेले, रिकामा खण काखेत. त्याने खण ठेवला, टेबल पुसलं, शिक्क्याची मूठ पुसली, आणि पहिल्यांदाच मान वर करून पडद्याकडे पाहिलं.

“हे काय बसलंय गालावर,” तो म्हणाला आणि फडकं घेऊन पडद्याकडे निघाला.

“खबरदार!” काका असे गरजले की बाहेरच्या रांगेतले लोक दारात गोळा झाले. काकांनी मधे उडी मारली होती आणि दोन्ही हात पसरून ते पडद्यासमोर उभे होते. “हात लावायचा नाही. माझी बायको आहे ती.”